ओवा, हळद आणि अर्धी शेड: मोहोळ तालुक्यातल्या एका ब्रॉयलर शेतकऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, आकडे थोडे गोल केले आहेत आणि शेतकऱ्याला नुसतं अण्णा म्हणतो. पशुवैद्यक म्हणून माझं त्यांच्या शेडवर जाणं-येणं होतं.

शेड ३० फूट रुंद, १८० फूट लांब, पूर्व-पश्चिम बांधलेली. दोन्ही बाजूंना जाळी आणि पोत्यांचे पडदे. एका बॅचला साडेचार हजार पक्षी. आधी काही वर्षं अण्णा करारावर होते. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, तर शेड, वीज आणि राबणं अण्णांचं, आणि वजनावर किलोमागे ठरलेला दर. मग ते ओपनला आले. आता पिल्लं स्वतः घेतात, मका आणि सोयापेंड आणून जवळच्या गिरणीत भरडून घेतात, प्रीमिक्स (व्हिटॅमिन, खनिजं, औषधं यांचं तयार मिश्रण) मिसळून मॅश, म्हणजे भरड खाद्य बनवतात आणि माल सोलापूरच्या व्यापाऱ्याला देतात. दर चढला तर कमाई पूर्ण त्यांची, पडला तर तोटाही पूर्ण त्यांचाच.

खाद्य घरचं असणं या प्रकरणात महत्त्वाचं आहे. करारावरच्या शेतकऱ्याला खाद्यात काय घालायचं हे ठरवता येत नाही. शिवाय तयार गोळी खाद्य बनवताना ते वाफेवर साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापतं, आणि ओव्यासारख्या वनस्पतींमधली उडून जाणारी तेलं त्यात बऱ्यापैकी निघून जातात. मॅशमध्ये ही अडचण नाही.

अडचण

आखाडात उचलायच्या हिशेबाने अण्णांनी जूनमध्ये पिल्लं टाकली होती. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी कोंबडीला मागणी असते, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त या बॅचवर. अठराव्या दिवसापासून विष्ठा पातळ व्हायला लागली. पावसामुळे पडदे खाली, त्यामुळे जमिनीवर पसरलेलं तूस वाळेना. अमोनिया इतका साठला की दारात उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत. त्यामागोमाग पक्ष्यांच्या घशात खुरखुर आणि मग मर. मेलेले पक्षी उघडले तर हृदयावर आणि यकृतावर पांढरा पापुद्रा, म्हणजे ई. कोलाय जिवाणूचा जुना ओळखीचा प्रकार.

प्रीमिक्समध्ये वाढीसाठीचं अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून होतंच. त्यावर औषध दुकानातून आणलेलं एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक पाण्यातून दोनदा झालं. तरी बॅच संपली तेव्हा मर ९ टक्के होती, ४२ दिवसांचं सरासरी वजन १.९५ किलो आणि एफसीआर १.९५. म्हणजे एक किलो वजनासाठी जवळपास दोन किलो खाद्य. एवढ्या खाद्यावर आखाडाचा दर मिळूनही हातात काही उरलं नाही.

त्याच सुमारास तीन गोष्टी एकदम घडल्या. सोलापुरातल्या एका केटरिंगवाल्याने व्यापाऱ्यामार्फत विचारलं, औषध न वापरलेली कोंबडी मिळेल का? अन्नातल्या औषधांच्या अंशांबद्दलचे कडक केलेले नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू होणार, ही चर्चा गावापर्यंत पोचली. आणि एक विक्रेता '१०० टक्के हर्बल' लिहिलेली द्रव टॉनिकची बाटली शेडवर ठेवून गेला.

अण्णांनी मोबाइलवर पाच-सहा व्हिडिओ पाहिले आणि ठरवून टाकलं. "डॉक्टर, आता सगळी औषधं बंद. पुढची बॅच हळद, लसूण आणि ओव्यावर. कॉक्सीचं औषधसुद्धा काढायचं."

त्यांच्या निर्णयाचा अर्धा भाग मला मनापासून पटला होता. निरोगी पक्ष्याला नुसत्या वाढीसाठी रोज थोडं थोडं अँटिबायोटिक चारणं थांबलंच पाहिजे. युरोपीय संघाने ते १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तशी शिफारस केली. आपल्याकडे २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, कारण इतर औषधं हरल्यावर माणसांच्या दवाखान्यात तेच शेवटचं उरतं. शेडमध्ये तयार झालेले औषधाला न जुमानणारे जंतू शेडमध्ये थांबत नाहीत. अण्णांच्या शेडचं खत आजूबाजूच्या बागांत जातं, ते भरायला गावातलीच माणसं येतात, आणि त्यांची मुलं आजारी पडली की त्यांना याच औषधांच्या गटातली औषधं लागतात.

पण 'सगळं एकदम बंद' या दुसऱ्या अर्ध्या भागाला मी विरोध केला.

पहिला निर्णय: कॉक्सीचं औषध काढायचं का?

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस किंवा बोलण्यातली 'कॉक्सी', हा जिवाणूचा रोग नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतो. त्याची अंडी ओल्या तुसात पिकतात आणि नेमकी अण्णांच्या तुसासारखी ओल त्यांना मानवते. हळद, ओवा, लसूण यांचे कॉक्सीवर थोडेफार परिणाम प्रयोगांत दिसले आहेत, पण ओल्या तुसावरच्या साडेचार हजार पक्ष्यांचा भार त्यांच्यावर टाकावा इतके भरवशाचे नाहीत. खाद्यातलं सॅलिनोमायसिन हे कॉक्सीचं औषध, टनाला ६० ग्रॅम, तसंच ठेवायचं असं मी सुचवलं. सॅलिनोमायसिन चालू असताना टायाम्युलिन हे अँटिबायोटिक कधीही द्यायचं नाही, दोन्ही एकत्र आली तर पक्षी दगावतात, हेही प्रीमिक्सच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगितलं.

अण्णांना हे लगेच पटलं नाही. त्यांच्या मते अर्धवट सोडणं म्हणजे न सोडणंच. शेवटी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, विषय संपवला. खाद्याची मापं आणि मरीची वही त्या ठेवतात. "एका बॅचला एकच गोष्ट बदलू, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार कसं?" या वाक्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

कोणकोणते मार्ग होते

करारावर परत जाणं हा एक मार्ग होता. अण्णांची तयारी नव्हती आणि तो निर्णय सर्वस्वी त्यांचा होता.

दुसरा, विक्रेत्याची बाटली. लेबलवर बारा वनस्पतींची नावं होती, पण कुठला घटक किती टक्के आहे याचा आकडा कुठेच नव्हता. ओव्यातलं थायमॉल किती, हळदीतलं करक्युमिन किती, हे फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "सगळं नैसर्गिक आहे, साहेब." ज्याची मात्रा माहीत नाही त्याचा परिणाम मोजता येत नाही. बाटली बाजूला ठेवली.

तिसरा, कारखान्यात तयार होणारं वनस्पतीजन्य प्रीमिक्स. त्यात थायमॉल, कार्वाक्रॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड असे घटक आवरणात बंद केलेले असतात, त्यामुळे वास उडत नाही आणि घटक आतड्यात पुढेपर्यंत पोचतो. प्रत्येक पोत्यात मात्रा सारखी. हा मार्ग मला आजही चांगला वाटतो. पण अण्णांना ते २५ किलोच्या पोत्यातच मिळत होतं, मात्रा टनाला काही शे ग्रॅम, आणि एवढ्या छोट्या शेडवर उघडलेलं पोतं मुदतीत संपणं अशक्य. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घ्यावं असा प्रयत्न झाला, जमला नाही.

चौथा, घरचं मिश्रण. इथे एकेका पदार्थाचा विचार केला.

ओवा सगळ्यांत भरवशाचा वाटला. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. थायमॉल जिवाणूच्या पेशीभोवतीचं आवरण खिळखिळं करतं आणि परदेशी थाइमच्या तेलामागेही हाच घटक आहे. म्हणजे बाहेरच्या कंपन्या ज्यावर पैसे मिळवतात ती वस्तू आपल्या किराणा दुकानात मिळते.

हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के. ते रक्तात फार कमी शोषलं जातं, आणि माणसाच्या औषधात हा दोष मानतात. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपल्याला काम आतड्यातच करून घ्यायचं आहे, त्यामुळे अडचण येत नाही. शिवाय खाद्यात अर्धा टक्का हळद घातल्यावर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताला होणारी इजा कमी होते असं ब्रॉयलरवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पावसाळ्यातल्या मक्याच्या बुरशीचा विचार केला तर हा फायदा लहान नाही. अट एकच: पावडर विकत घ्यायची नाही. खुल्या हळद पावडरीत मेटानिल यलो हा रंग किंवा शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं वेळोवेळी पकडली गेली आहेत आणि शिसं कोंबडीतून माणसापर्यंत येतं. अख्खी हळकुंडं सांगलीच्या बाजारातून आणून गिरणीत दळायची ठरली.

लसणातला अॅलिसिन लसूण ठेचल्यावर तयार होतो आणि थोड्याच वेळात त्याचं रूप बदलतं. ताजा लसूण साडेचार हजार पक्ष्यांना रोज ठेचून घालणं शक्य नाही, वाळवलेल्या पावडरीची खात्री नाही, आणि लसणाचे त्या वेळचे दर पाहता हिशेबही बसेना. तो वगळला. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणून अण्णांना तो हवा होता. पण ब्रॉयलरच्या खाद्यात पाच टक्क्यांपुढे गेलं की तंतू आणि इतर घटक वाढीला आड येतात, आणि त्याखाली त्यातून सोयापेंडीची फारशी बचत होत नाही. तोही राहिला.

डाळिंबाच्या सालीवर आम्ही सगळ्यांत जास्त बोललो. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूरलाच आहे आणि दाणे काढणाऱ्यांकडे सालीचे ढीग पडतात. सालीत टॅनिन आणि प्युनिकॅलाजिन भरपूर, जिवाणूंवर परिणाम करणारे, आणि किंमत जवळपास शून्य. कागदावर याहून चांगला स्थानिक पदार्थ नव्हता. पण डाळिंबाच्या बागेत फवारणी सालीवरच बसते. तेल्या रोगावर आपल्या भागात वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनचं मिश्रण फवारलं गेलं आहे, जोडीला तांबंयुक्त बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं. कुठल्या बागेची, शेवटची फवारणी कधीची, हे माहीत नसलेली साल कोंबडीला घालायची आणि तिला औषधाशिवायची म्हणायचं, हे मला करवलं नसतं. अण्णा स्वतः डाळिंब पिकवलेले असल्याने त्यांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनीच पहिल्यांदा हा मुद्दा काढला. एखाद्याची स्वतःची नोंद ठेवलेली बाग असेल आणि साल तपासून घेतली तर हा पदार्थ जरूर अजमावावा. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून मात्रा मात्र कमीच ठेवावी लागेल.

पाचवा मार्ग खाद्यात काहीच न घालण्याचा होता: पाणी, तूस आणि हवा आधी सुधारायची.

काय केलं

श्रावणात दर पडलेले असतात. अण्णांनी त्या महिन्यात पिल्लं टाकलीच नाहीत. शेड रिकामी ठेवण्याचं हे नुकसान त्यांनी पूर्ण समजून घेतलं आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय हाच होता.

बोअरच्या पाण्याचा नमुना तपासला तर त्यात ई. कोलाय निघाला. टाकीच्या तळाशी गाळ, आणि निपलच्या (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोटीच्या) नळीत आतून बुळबुळीत थर. व्हिटॅमिन आणि टॉनिकं पाण्यातून देऊन देऊन असा थर तयार होतो आणि जंतू त्यात आरामात राहतात. टाकी घासली, नळ्या हायड्रोजन पेरॉक्साइड भरून ठेवून धुतल्या. पाणी क्षारांचं आणि कठीण होतं, त्याचा पीएच सातच्या वर. अशा पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी ऑरगॅनिक आम्लाने पीएच साडेसहाच्या खाली आणायचा आणि मग क्लोरीन. मोजायचं टाकीत नाही, शेवटच्या निपलला. तिथे २ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत २ ते ३ भाग) मिळालं पाहिजे. लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणि गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत क्लोरीन बंद, आणि लसीच्या पाण्यात दुधाची पावडर.

भाताचं तूस बाहेरून येतं आणि महाग पडतं, म्हणून आधी अण्णा ते जेमतेम इंचभर पसरायचे. आता तूस आणि भुईमुगाची टरफलं मिळून तीन इंच. रोज सकाळी वहिनी शेडमध्ये ठरलेल्या जागी तूस मुठीत घेऊन दाबायच्या. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं, सुटून पसरलं तर ठीक. वहीत एका शब्दाची नोंद. पाऊस असला तरी पडद्याची वरची फूटभर पट्टी उघडी ठेवायची, म्हणजे गरम ओलसर हवा वरून निघून जाते.

आणि मग शेडची विभागणी. मधोमध जाळी टाकून दोन सारखे भाग केले, प्रत्येकी सव्वादोन हजार पिल्लं, एकाच हॅचरीची, एकाच दिवशीची. खाद्याच्या पोत्यांना दोन रंगांच्या सुतळ्या. दर आठवड्याला प्रत्येक बाजूचे पन्नास पक्षी वजन करायचे, तेही जाळी टाकून जे सापडतील ते. हाताने पकडायला गेलं की सुस्त पक्षीच आधी सापडतात आणि वजन चुकतं.

वनस्पतीच्या बाजूला टनामागे ५ किलो हळद आणि २ किलो ओवा. ओवा दळून ठेवला की तेल उडतं, म्हणून आठवड्याला लागेल तेवढाच दळायचा आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचा. सात किलो पावडर एका टनात थेट टाकली तर सारखी पसरत नाही, म्हणून आधी ५० किलो मक्याच्या भरड्यात कालवायची आणि मग मिक्सरमध्ये. खर्च त्या वेळच्या दराने किलो खाद्यामागे सव्वा ते दीड रुपया.

दुसरा निर्णय: तुलना कशाशी करायची?

दिवाळीच्या आधी उचललेल्या बॅचमध्ये एका बाजूला जुनं, वाढीचं अँटिबायोटिक असलेलं खाद्य होतं, दुसऱ्या बाजूला ते काढून हळद आणि ओवा. निकाल आला तेव्हा अण्णांचा आनंद लपत नव्हता. जुन्या खाद्याचा एफसीआर १.७८, हळद-ओव्याचा १.७७. वजन दोन्हीकडे २.१ किलोच्या आसपास, मर दोन्हीकडे साडेचार टक्के. पाण्यातून एकदाही अँटिबायोटिक द्यावं लागलं नाही.

"झालं की, डॉक्टर! हळदीनं औषधाची जागा घेतली."

ज्यांनी ज्यांनी हे आकडे पाहिले, त्यांनी हाच अर्थ काढला. मला तो मान्य नव्हता. आखाडाच्या बॅचच्या मानाने जुन्या खाद्याची बाजूही तेवढीच सुधारली होती, १.९५ वरून १.७८. तिथे तर हळदीचा कणही नव्हता. ही सुधारणा पाणी, तूस, हवा आणि कोरड्या हंगामाची. मग दोन शक्यता उरतात. एक, हळद-ओव्याने खरोखर अँटिबायोटिकइतकं काम केलं. दुसरी, स्वच्छ शेडमध्ये अँटिबायोटिकलाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दोन्ही बाजू काहीही न घालता तशाच चालल्या असत्या. वाढीच्या अँटिबायोटिकचा फायदा घाणेरड्या शेडमध्ये जास्त आणि स्वच्छ शेडमध्ये कमी दिसतो, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून दुसरी शक्यता बाजूला सारता येत नव्हती.

वनस्पतीजन्य पूरकांबद्दल जे दावे ऐकू येतात त्यातले बरेच इथेच अडकतात. 'औषधाइतकंच चांगलं' हे सिद्ध करायला औषधाशी तुलना पुरत नाही, काहीच न घातलेला तिसरा गट लागतो. अण्णांकडे दोनच भाग होते. म्हणून पुढच्या बॅचला वाढीचं अँटिबायोटिक दोन्हीकडून काढायचं आणि एका बाजूला साधं खाद्य, दुसऱ्या बाजूला हळद-ओवा, असं सुचवलं. साध्या बाजूला मर वाढली तर नुकसान अण्णांचं होणार होतं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हणाले. बाजूही बदलल्या, कारण पश्चिमेचा भाग दुपारी जास्त तापतो. आधी हळद-ओवा पश्चिमेला होता, आता पूर्वेला.

निष्पत्ती

हिवाळ्याच्या या बॅचमध्ये साध्या खाद्याचा एफसीआर १.७६, हळद-ओव्याचा १.७१. वजन २.१२ आणि २.१६ किलो. मरीतला फरक दहा-बारा पक्ष्यांचा, त्याला अर्थ नाही. वहिनींच्या वहीत वीस ते तीस या दिवसांत साध्या बाजूला 'ओलं' हा शब्द जास्त वेळा होता. म्हणजे वनस्पतींनी काहीतरी केलं होतं, आणि ते आतड्याशी संबंधित असावं असं दिसत होतं. पण अँटिबायोटिकशिवाय, वनस्पतींशिवायही साधी बाजू १.७६ वर आली होती. इतकी वर्षं प्रीमिक्समधून जे औषध जात होतं, ते मुख्यतः नळीतला गाळ आणि इंचभर तूस झाकत होतं.

मग पैशाचा हिशेब. एक पक्षी ४२ दिवसांत साधारण ३.७ किलो खाद्य खातो, त्यामुळे हळद-ओव्याचा खर्च पक्ष्यामागे पाच रुपयांच्या घरात. एफसीआरमध्ये ०.०५ चा फरक म्हणजे सव्वादोन किलोच्या आतल्या पक्ष्यामागे शंभर ग्रॅमच्या थोडं वर खाद्य वाचलं, ३८ रुपये दराने चार रुपये. जास्तीच्या ४० ग्रॅम वजनाचा रुपयाभर धरला तर हिशेब बरोबरीत सुटतो, नफा नाही. हे स्पष्ट झाल्यावर अण्णा थोडे हिरमुसले, पण त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला: तूस बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मग शेवटपर्यंत ओवा कशाला? पहिल्या चोवीस दिवसांपर्यंतच दिला तर खाद्य दीड-पावणेदोन किलोच लागतं आणि खर्च सव्वादोन रुपयांवर येतो.

एप्रिल-मेच्या बॅचमध्ये तेच केलं, बाजू परत बदलून. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर गेला, दोन्ही बाजूंची मर सात टक्क्यांच्या आसपास आणि एफसीआर १.८७ आणि १.८६. फरक नाही. पक्षी धापा टाकत असताना खाद्यच कमी खातो, त्यामुळे खाद्यातून दिलेली कुठलीही गोष्ट कमी पोचते, आणि शिवाय या वेळी हळद-ओव्याची बाजू तापणाऱ्या पश्चिमेची होती. थोडा फायदा झालाही असेल, पण उन्हाच्या नुकसानीत तो दिसणार नव्हता. त्या बॅचला पक्ष्यांना हात दिला तो पत्र्यावरच्या पाचटाने, पाण्याचं धुकं उडवणाऱ्या फॉगरने, दुपारी खाद्य उचलून संध्याकाळी-रात्री घालण्याने आणि पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटने.

वाढीचं अँटिबायोटिक प्रीमिक्समध्ये परत आलेलं नाही. आजारी बॅचला उपचार म्हणून औषध द्यायची वेळ आली तर तपासणी करून द्यायचं आणि विक्रीआधी ठरलेला काळ सोडायचा, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

तिसरा निर्णय: पाटीवर काय लिहायचं?

केटरिंगवाल्याला 'हर्बल चिकन, अँटिबायोटिकमुक्त' अशी पाटी हवी होती आणि किलोमागे वरचे पैसे द्यायची त्याची तयारी होती. खाद्यात सॅलिनोमायसिन होतं. युरोपात ते कॉक्सीचं औषध म्हणून धरतात, अमेरिकेत अँटिबायोटिक म्हणून. शिवाय हॅचरीत पिल्लाला काय टोचलं याचा कागद अण्णांकडे नव्हता. त्यामुळे पाटीतले शब्द सिद्ध करता आले नसते. अण्णांनी त्याला सरळ सांगितलं, "वाढीसाठी अँटिबायोटिक वापरत नाही, वही बघा आणि घ्या." वरचे पैसे मिळाले नाहीत, पण नियमित उचल सुरू झाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्या वेळी जादा पैशांची गरज त्यांना होती.

काय वेगळं करता आलं असतं

आखाडाच्या बॅचमध्ये मर सुरू झाली त्या दिवशीच मेलेले पक्षी प्रयोगशाळेत गेले असते, जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं हे तपासलं असतं, तर एन्रोफ्लॉक्सासिनच्या दोन फेऱ्या बहुधा टळल्या असत्या. पुण्यातला औंधचा रोग अन्वेषण विभाग किंवा शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय लांब वाटतं, पण नमुना बर्फात घालून रातोरात पोचवता येतो.

शेडचे दोनाऐवजी चार भाग करायला हवे होते. दोन भागांत एका बाजूचा पंखा, एक गळका निपल, एवढ्यानेही ०.०५ चा फरक पडू शकतो. बाजू बदलल्याने थोडी खात्री वाढली, पूर्ण नाही. हिवाळ्याचा निकाल एकाच बॅचचा आहे हे मी अण्णांना पुन्हा पुन्हा सांगतो.

आणि मका. हळदीचं काम अफ्लाटॉक्सिनवर अवलंबून असेल तर मक्यात ते किती होतं हे माहीत असायला हवं होतं. मका स्वच्छ असेल तर टनाला पाच किलो हळद वायाच जाते आणि एकटा ओवा पुरतो, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मका खराब असेल तर आधी तो बदलायला हवा.

येत्या पावसाळी बॅचसाठी वहिनींनी जाळ्या शिवून घेतल्या आहेत. चार भाग होणार: दोन साधे, दोन फक्त ओव्याचे, तेही पहिल्या चोवीस दिवसांपुरते. मक्याचा नमुना अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीला दिला आहे आणि अहवाल आल्याशिवाय गिरणीत मका उतरवायचा नाही असं अण्णांनी व्यापाऱ्याला कळवलं आहे.